बावीस पायऱ्या
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी व्यासपीठावर न येता खालूनच बोलतोय. मघाशी चौघे जण मला खुर्चीसकट वर न्यायला उठले होते, मीच नको म्हटलं. आता आपण सगळे साठीला टेकलोय. त्या चौघांतल्या एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एकाला स्टेंट आहे. मला उचलता उचलता त्यांनाच उचलायची वेळ यायची!

याच चौघांनी 1983-84 साली मला रोज पहिल्या मजल्यावर नेलं. दहावीचे वर्ग वर. माझ्या पायात कॅलिपर, बगलेत कुबड्या आणि जिन्याला बावीस पायऱ्या. एक जण दप्तर घ्यायचा, एक कुबड्या, बाकीचे दोघे हातात हात गुंफून मला बसवायचे. पावसाळ्यात जिना निसरडा असला की आम्ही घंटेनंतर पोहोचायचो, पण बाईंनी एकदाही उशिराचा शेरा मारला नाही. हे मी आजवर शंभर जणांना तरी सांगितलं असेल.

एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितली नाही. घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत मी पाणी पीत नसे. मुतारी मैदानाच्या पलीकडे, तिलाही तीन पायऱ्या. म्हणजे मधल्या सुट्टीत तुम्ही खेळ सोडायचा, मला खाली न्यायचं, तिथपर्यंत पोहोचवायचं, मग पुन्हा वर. एवढं मागायची लाज वाटायची. मग उन्हाळी लागायची. आई डॉक्टरांकडे न्यायची. ते म्हणायचे, "बाळ, पाणी भरपूर पीत जा."

आमची तुकडी खालच्या मजल्यावर बसवली असती, तर? खाली पाचवीचे वर्ग होते, त्यांना वर जायला मजाच वाटली असती. पण हे सरांना सुचलं नाही, माझ्या वडिलांना नाही आणि मलाही नाही. अडचण माझ्या पायांची आहे, असंच सगळे धरून चाललो होतो. जिन्याकडे कोणी बघितलंच नाही.

आपल्याच वर्गात एक मुलगी होती. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवायची आणि 'नक्कल करते' म्हणून बाकावर उभी राहायची. ती आज आलेली नाही.

2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या दिवशी मी पेढे वाटले. पण जिने सगळ्यांनाच चढायचे असतात, आणि आता तुमच्यातले निम्मे कठडा धरून चढतात, ते मी खालून बघतोय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले. शाळेची इमारत आणि आवार सगळ्यांना वापरता आलं पाहिजे, असंही त्यात आहे. कागदावर आहे. माझ्या बँकेने रॅम्प बांधला, तो इतका उभा की मागून ढकलणाराच घसरतो. वर त्याच्या तोंडाशी मोटारसायकली लावलेल्या. हिशोब साधा आहे हो, एक फूट चढायला बारा फूट उतार. गवंड्याला एवढं सांगायला कोणी उभं राहिलं नाही, बस्स.

आता मूळ मुद्दा. आपल्या बॅचच्या निधीतून प्रवेशद्वारावर कमान बांधायची असं ठरतंय. नावं कोरलेली असतील, छान दिसेल. पण मघाशी मुख्याध्यापकांनी सांगितलं, यंदा सहावीत व्हीलचेअरवरचा एक मुलगा आहे. मी त्याला विचारलं, "पाणी पितोस का रे शाळेत?" तो नुसता हसला.

ते हसू मला ओळखीचं आहे. कमान राहू द्या. खालच्या मजल्यावर रुंद दाराचं, आत दांडी बसवलेलं एक स्वच्छतागृह आणि तिथवर जायला उतार, एवढं आधी करू. मी मोजपट्टी आणलीय. चहा झाला की दोघे जण माझ्याबरोबर या. पट्टीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो.