कवीचे नाव आणि पाच पौंड



कवितेवर कवीचे नाव असणे आज इतके स्वाभाविक वाटते की त्यालाही इतिहास आहे, याचा विसर पडतो. प्रतिभावंत व्यक्ती जन्मली म्हणून लेखक जन्मला, असे भांडवलदारी टीकाकार सांगतात. इंग्लंडचा इतिहास निराळे सांगतो.

सोळाव्या शतकात तेथील दरबारी कविता हस्तलिखितांतून मोजक्या वर्तुळात फिरे. ती छापून विकणे उमरावांना कमीपणाचे वाटे. वायट १५४२ मध्ये वारला, सरेचा १५४७ मध्ये शिरच्छेद झाला. त्यांची भावकविता टॉटेल या मुद्रकाने बाजारात आणली ती १५५७ मध्ये. त्याच वर्षी लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाला राजसनद मिळाली. संघाच्या वहीत ज्या सभासदाच्या नावे पुस्तक नोंदले जाई, त्याचा त्यावर हक्क, कवीचा नव्हे.

बेन जॉन्सन गवंड्याचा सावत्र मुलगा; स्वतः विटकाम केलेला. १६१६ मध्ये त्याने आपली नाटके व कविता एका भारदस्त ग्रंथात एकत्र छापविल्या. त्याची थट्टा झाली. पण कष्टकरी थरातला माणूस स्वतःच्या लेखनाचा धनी म्हणून उभा राहिला, हे पाऊल निःसंशय पुढचे होते. त्याच वर्षी त्याला राजाकडून तनखाही मिळू लागला. सरंजामी आश्रयाची छाया अद्याप सरली नव्हती.

राजेशाही परतल्यावर पराभूत झालेला अंध प्रजासत्ताकवादी मिल्टन याने १६६७ मध्ये ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य एका मुद्रकाला विकले. रोख ५ पौंड. १३०० प्रती खपल्यावर आणखी ५. १६८० मध्ये त्याच्या विधवेने उरलेले सर्व हक्क ८ पौंडांना सोडून दिले.

मार्क्सने याच व्यवहारावर बोट ठेवले आहे. रेशमाचा किडा रेशीम निर्मितो तसे मिल्टनने स्वभावधर्माने काव्य रचले, आणि मग ते विकले. प्रकाशकाच्या हुकमावरून, त्याचे भांडवल वाढविण्यासाठी पुस्तके पाडणारा लेखक मात्र मजूरच ठरतो.

पुढे १७१० च्या कायद्याने नव्या पुस्तकावर लेखकाला १४ वर्षांचा हक्क दिला. परंतु हा हक्क विकता येत होता. आणि उत्पादनाची साधने हाती नसलेल्याला तो बहुधा विकावाच लागे.

म्हणून कवी हा बाजाराचे केवळ बाहुले होता, असे म्हणणेही चूक. ज्या बाजाराने त्याला सरदाराच्या दारातून सोडविले, त्यानेच त्याला विक्रेत्याच्या दारात उभे केले. नाव कवीचे झाले. छापखाना मात्र त्याचा झाला नाही. लेखकाच्या स्वातंत्र्याची चर्चा आजही या दुसऱ्या प्रश्नापाशी आणावी लागते.