कागद न्यायालयालाही दाखवायचा नाही? आणीबाणी, नागपूर खंडपीठ आणि आपले हक्क

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय आहे सत्तेची वाटणी. कायदेमंडळ कायदा करतं, सरकार तो राबवतं आणि न्यायालय तपासतं, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी पाठ केलंय. पण या वाटणीचा साध्या माणसाला उपयोग काय? पोलिसांची गाडी दारात उभी राहिली, तर ती वाटणी कुठे असते?

याचं उत्तर मी आपल्या नागपुरातल्याच एका प्रकरणातून देणार आहे. सिव्हिल लाइन्समधली उच्च न्यायालयाची इमारत तुम्ही पाहिली असेल. १९३६ साली नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळालं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ते गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे आलं. आपली गोष्ट याच खंडपीठातली आहे.

२५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. संविधानाच्या कलम ३५९ खालचा हा आदेश सांगत होता की कलम १४, २१ आणि २२ मधल्या हक्कांसाठी कोणालाही न्यायालयात दाद मागता येणार नाही. १४ म्हणजे समानता, २१ म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य, आणि २२ म्हणजे अटक झालेल्याला मिळणारं संरक्षण. हक्क पुस्तकात होते तसेच राहिले, फक्त ते मागायचं दार बंद झालं.

त्याच वेळी 'मिसा' कायद्याखाली देशभर लोकांना उचललं जात होतं. या कायद्यात १६ अ हे नवं कलम घातलं गेलं. त्यातलं नववं पोटकलम नीट ऐका. स्थानबद्ध करण्याची कारणं गोपनीय मानली जातील, ती उघड करणं सार्वजनिक हिताच्या विरोधात समजलं जाईल, असं ते म्हणत होतं. म्हणजे माणूस आत, आणि तो का आत आहे ते कोणालाच सांगायचं नाही.

अशा वेळी एक जुनं हत्यार असतं, बंदी प्रत्यक्षीकरण याचिका. इंग्रजी कोर्टात तिला हेबियस कॉर्पस म्हणतात. अर्थ सोपा आहे. या माणसाला कोणत्या अधिकाराने कोंडलंय, ते न्यायालयाला सांगा. अशा याचिका अनेक राज्यांत दाखल झाल्या, नागपूर खंडपीठातही झाल्या.

आता नागपूरने काय केलं? आणीबाणी चूक की बरोबर, यात ते शिरलं नाही. कायदाही रद्द केला नाही. त्याने त्या पोटकलमाचा अर्थ मर्यादित केला. कारणं बाहेर सांगू नका, ठीक आहे. पण खुद्द न्यायालयाला कागद पाहायचा असेल, तर ही बंदी न्यायालयाला लागू होत नाही, असं त्याने मानलं.

वरवर पाहता ही केवळ तांत्रिक बाब वाटते. पण विचार करा, कागदच पाहायला मिळाला नाही तर न्यायाधीश तपासणार काय? सरकार म्हणेल ते खरं, एवढंच उरतं. माझ्या मते सत्तेची वाटणी म्हणजे मुळात हेच: ज्याने कोंडलं त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणालातरी तो कागद मागता आला पाहिजे.

देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी कमीअधिक फरकाने स्थानबद्धांची दाद ऐकायची भूमिका घेतली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसाने निव्वळ वैयक्तिक वैरातून कोणाला ठार केलं, तर काही उपाय आहे का? उत्तराचा आशय असा होता की आणीबाणी आहे तोवर नाही.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल आला. प्रकरणाचं नाव ए.डी.एम. जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकार जिंकलं. नागपूरने लावलेला अर्थही चुकीचा ठरला. एकटे खन्ना विरोधात गेले. माणसाचं जीवित आणि स्वातंत्र्य ही केवळ कलम २१ ची देणगी नाही, कायद्याचं राज्य असलेल्या देशात ते कलम नसतं तरी सरकारला मनमानीने कोणाचा जीव घेता आला नसता, असं त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला.

मग तीन खांब होते तरी उपयोग काय झाला, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, त्या वेळी शेवटचा खांबही वाकला. पण पुढे काय झालं ते पाहा.

आधी मतदार आले. मार्च १९७७ च्या निवडणुकीत सरकार पडलं. मग संसद आली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरवलं की आणीबाणीतही कलम २० आणि २१ साठी न्यायालयात जायचा मार्ग बंद करता येणार नाही. 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र बंड' घातलं. शिवाय मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला, कारण १९७५ मध्ये सही आधी झाली होती आणि मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळ्यात शेवटी न्यायालय आलं. २४ ऑगस्ट २०१७ ला, खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी प्रकरणात, जबलपूरचा निकाल चुकीचा होता असं स्पष्ट सांगितलं गेलं. ते लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. आणि त्या नऊ जणांच्या पीठावर आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते.

चूक दुरुस्त व्हायला ४१ वर्षं लागली. दुरुस्ती झाली ती दरवाजे एकाहून अधिक होते म्हणून. सगळ्या चाव्या एकाच हातात असत्या, तर झाली असती का?

आता आजचं बोलू. 'एमपीडीएखाली स्थानबद्ध' अशी बातमी नागपूरच्या पेपरात अधूनमधून येते. हा महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा. यातही खटला न चालवता माणसाला आत ठेवता येतं, एक वर्षापर्यंत. आपल्याला वाटतं, गुंड आहे, बरंच झालं. पण संविधानाच्या कलम २२ प्रमाणे त्यालाही कारणं कळवावी लागतात, म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि तीन महिन्यांच्या पुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाची संमती लागते. साधी अटक असेल, तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं आणि वकील मिळण्याचा हक्क असतो. हे गुंडाचे लाड नाहीत बरं का. मिसाखाली आत गेलेल्यांत पुढारी होते, तसे विद्यार्थीही होते.

कलम ३२, म्हणजे हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार, याला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटलं होतं. कलम २२६ ने तसाच अधिकार उच्च न्यायालयाला दिला, म्हणजे नागपूरकराला दिल्ली गाठायची गरज नाही. संविधान चौकातून जाताना एवढं लक्षात ठेवा, की हक्क लिहिलेला असणं ही अर्धी गोष्ट. तो मागायला दार उघडं असणं, आणि दारात बसलेल्याने 'कागद दाखवा' म्हणायची हिंमत करणं, ही उरलेली अर्धी.

आजच्यासाठी एवढंच. तुमचे प्रश्न जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.