इंग्रजीच्या वर्गात मराठीला मज्जाव कशासाठी?



  या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात इंग्रजी अध्यापनाचा आढावा घ्यायचा प्रघात आहे. तो थोडक्यात असा : महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, त्या पहिल्या तुकडीची मुले पदव्या घेऊन केव्हाच बाहेर पडली आणि प्रथम वर्षाच्या आवश्यक इंग्रजीच्या तासाला मागचे बाक गप्प आहेत ते आहेतच. त्या गप्प बाकांविषयीच मला आज बोलायचे आहे, आणि वर्षानुवर्षे बोलायचे होते. ‘या वर्गात मराठी बोलायचे नाही’ हा दंडक आपणच घातला आहे आणि त्यानेच मुलांची तोंडे बंद केली आहेत.

हा दंडक आला कुठून? १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे येथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद भरली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, शिकवणारा शक्यतो जन्माने इंग्रजीभाषक असावा, या समजुतींवर तिथे शिक्कामोर्तब झाले. पुढे १९९२ साली भाषाभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी या समजुतींना भ्रम ठरवले. मला यात दिसते ते एवढेच, की विद्यार्थ्याची भाषा न येणाऱ्या शिक्षकाची ही सोय होती. आपल्याला ती भाषा येते. ती दाराबाहेर ठेवून आपण वर्गात का शिरतो?

तालुक्याच्या महाविद्यालयात माझी सारी नोकरी झाली. तिथे एका मुलीने वहीत लिहिले होते : ‘व्हिच बॉय केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर.’ लाल रेघ मारून मोकळे होता आले असते. मी फळ्यावर तिचे वाक्य लिहिले आणि त्याच्या डोक्यावर मराठी वाक्य : ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे.’ मुलीने ‘जो’ आणि ‘तो’ जागेवर ठेवले होते, फक्त जागा मराठीच्या होत्या. ‘जो’ मुलाच्या मागे नेला, ‘तो’ काढून टाकला : ‘द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर.’ मग म्हटले, आता आपापली वाक्ये आणा, आधी मराठीत. वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा उठला, म्हणाला, ‘जी विहीर आजोबांनी खणली, ती आटली.’ आणि चाचपडत त्याने इंग्रजी जुळवले : ‘द वेल माय ग्रँडफादर डग...’ शेवटचे ‘हॅज ड्राइड अप’ मी पुरवले.

सकाळच्या सत्रात व्याकरण आधी की संवाद आधी, यावर बरीच खडाजंगी झाली. माझ्यापुरता तो वाद त्या विहिरीपाशी मिटला. मुलाला सांगण्यासारखे काही होते, म्हणून त्याला रचना हवीशी वाटली.

मराठीला मुभा दिली तर मुले इंग्रजी बोलणारच नाहीत, असे बजावले जाते. शिक्षकाने कवितेचा सारांश मराठीत सांगायचा आणि मुलांनी गाइडमधली उत्तरे पाठ करायची, हा प्रकार मलाही मान्य नाही. तिथे मुलाचे स्वतःचे वाक्य मराठीतही होत नाही. वर्गात मराठी हवी ती मुलाच्या तोंडी. नंदुरबारकडच्या वर्गात ती भिली असेल, पावरी असेल. शिक्षकाला येत नसेल तर त्याने मुलांकडून शिकावी.

तर्खडकर भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबा-पणजोबांनी इंग्रजी पक्के केले. ती जशीच्या तशी परत आणा, असे मी म्हणत नाही. पण मराठी मुलांच्या इंग्रजी वाक्यांचा संग्रह या परिषदेने करावा, त्यातून शिक्षकांसाठी एखादी पुस्तिका निघावी. कोणी, कसे, ते कार्यकारिणी ठरवील. दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत आज भाषांतराचा प्रश्न आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला तो का नसावा? निरनिराळ्या विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य या सभागृहात बसले आहेत. समारोपाच्या सत्रात त्यांनी व्यासपीठावर येऊन याचे उत्तर द्यावे, अशी माझी मागणी आहे.