रोल कास्ट: पाठीमागे माणसं असतात तेव्हा

आज फ्लाय फिशिंगबद्दल बोलायचं आहे. त्यातही शिक्षक होण्यासाठी जी परीक्षा असते, तिच्यातल्या एकाच फेकीबद्दल. तिचं नाव रोल कास्ट. वाशिममध्ये बसून फ्लाय फिशिंग कसलं, असं तुम्ही म्हणाल. एकबुर्जी धरणावर सराव करताना एका काकांनी मला हेच विचारलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत: "पाण्याले चाबकानं मारून राह्यला काय बाप्पा?"

काकांचं निरीक्षण तसं बरोबर होतं. आपण साधा गळ टाकतो तेव्हा त्याला शिसं बांधलेलं असतं. ते वजन उडतं आणि दोरी त्याच्यामागं जाते. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला म्हणावं असं वजनच नसतं. इथं वजन असतं दोरीला, म्हणजे लाइनला. पाच नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन असतं १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. तेवढ्याशा वजनानं नऊ फुटांची काठी वाकवायची आणि ती वाकलेली काठी सरळ होताना लाइन पुढं न्यायची. म्हणजे चाबूकच की.

आता नेहमीच्या फेकीत काय होतं, तर लाइन आधी पाठीमागं हवेत पूर्ण सरळ करावी लागते. पुढं ३५ फूट टाकायची असेल, तर मागंही जवळपास तेवढीच जागा लागते. परदेशी पुस्तकं सांगतात की मागं झाडं असली की रोल कास्ट वापरा. आपल्याकडं मागं झाडं असतातच, बाभळी आणि बेशरम काठाला कुठंही दिसतात. पण आपल्या काठांवर त्याहून जास्त असतात माणसं. कपडे धुणाऱ्या बाया, म्हशी घेऊन आलेलं कोणी, आणि तुम्ही काय करताय ते बघायला अगदी पाठीशी येऊन उभी राहिलेली चार पोरं. नेहमीच्या फेकीत गळ वेगानं मागं जातो, आणि तो नेमका पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून जातो. म्हणून माझं मत असं आहे की आपल्याकडं शिकवायला सुरुवात रोल कास्टनंच करावी. बहुतेक ठिकाणी ती नंतर शिकवतात.

रोल कास्टमध्ये लाइन मागं उडतच नाही. ती पाण्यावर पसरलेली असते. काठी सावकाश वर घ्यायची, जराशी बाहेरच्या बाजूला कलवून, आणि कानाच्या मागं नेऊन थांबायचं. काठीच्या टोकापासून लाइन खांद्यामागं लोंबते आणि पुढं येऊन पाण्याला टेकते. बाजूनं बघितलं तर इंग्रजी डी अक्षर दिसतं, म्हणून त्याला डी-लूप म्हणतात. माझा भाचा पहिल्यांदा बघून म्हणाला, "मामा, हे तं झोळीवानी दिसते." त्या दिवसापासून मी झोळीच म्हणतो. पाण्यानं धरून ठेवलेल्या टोकाला अँकर म्हणतात, त्याला आम्ही खुंटा म्हणतो. गळ खुंट्याच्या बाजूला, तुमच्या पुढ्यातच राहतो. मागं जाते ती फक्त झोळी.

परीक्षेतलं खरं अवघड इथं आहे. अमेरिकेतली फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल ही संस्था १९९२ पासून कास्टिंग शिक्षकांना प्रमाणपत्र देते. लेखी भाग असतो, प्रात्यक्षिक असतं, आणि त्यात मासा पकडायचा नसतो. लाइनच्या टोकाला लोकरीचा तुकडा असला तरी चालतं. वर्षानुवर्षं मासे धरणारे लोकही रोल कास्टला अडकतात, कारण त्यांची रोल कास्ट मासा धरण्यापुरती चांगली असते. लाइन गोळा होऊन पडली तरी माशाला त्याचं काही नसतं. परीक्षकाला मात्र अरुंद, नीट उलगडणारा लूप बघायचा असतो आणि वर विचारायचं असतं की तो असा का झाला, बिघडला तर कशामुळे. म्हणजे कोड चालतो एवढं पुरत नाही, रिव्ह्यूला बसून प्रत्येक ओळीचं उत्तर द्यावं लागतं.

कारणं बघू. बिल आणि जे गॅमेल या बापलेकांनी १९९० मध्ये कास्टिंगची पाच सूत्रं मांडली: लाइनमध्ये ढील कमीत कमी, लाइनच्या लांबीप्रमाणे थांबा, लांबीप्रमाणेच काठीचा कोन, जोर योग्य जागी योग्य तेवढा, आणि काठीच्या टोकाचा मार्ग सरळ. रोल कास्ट यातल्या पहिल्याच सूत्राला छेद देते असं वाटतं, कारण झोळी म्हणजे ढीलच ना? इथं खुंटा कामाला येतो. टोक पाण्यात धरलेलं असल्यामुळे पुढं जोर लावला की झोळी ताणली जाते आणि काठी वाकते. पण काठी वाकवायला मिळतं फक्त झोळीतलं वजन, सगळ्या लाइनचं नाही. शिवाय पाण्यावर पडलेली लाइन उचलायची असते ती वेगळीच. म्हणून झोळी मोठी पाहिजे, हाताचा प्रवास लांब पाहिजे आणि मनगटाचा झटका अगदी शेवटी. मग काठी वरच थांबवायची.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कुऱ्हाड मारल्यासारखी काठी खाली पाण्यापर्यंत आणणं. लूप काठीच्या टोकामागं जातो. टोक खाली गेलं की लाइनही खालीच, पायापाशी ढीग. दुसरी चूक घाईची. झोळी पूर्ण लोंबून लाइन स्थिर होईपर्यंत थांबायला हवं. नेहमीच्या फेकीत लाइन कधीच थांबत नाही, इथं ती खरोखर थांबते, आणि शिकणाऱ्याला तेवढा धीर नसतो.

दिशाही सांभाळावी लागते. लाइन उजव्या बाजूला पडली असेल तर फेक तिच्या डावीकडं, नाहीतर लाइन लाइनीला छेदते. उजवीकडून वारा असेल तर तो झोळी थेट तुमच्या अंगावर आणतो. अशा वेळी काठी डाव्या खांद्यावरून न्यायची. दोन्ही खांद्यांवरून फेक जमत नसेल तर दुसऱ्याला शिकवायला जाऊ नये, असं मला वाटतं.

आता वाशिमची गंमत. मे महिन्यात पाणी आटत जातं आणि काठाला गुडघाभर गाळ होतो. शिवाय जलाशयात मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांकडं असतो, त्यामुळं गळ लावायचा तर त्यांना विचारावं लागतं. म्हणून मी मैदानावर शिकवतो. पण गवत लाइन धरून ठेवत नाही. खुंटा सुटतो आणि फेक मरते. यावर शिक्षक लोकांची जुनी युक्ती आहे: क्लिपबोर्ड. दहावीच्या पेपरला आपण जे पॅड नेतो, तेच. समोर जमिनीवर ठेवा, क्लिपमध्ये लाइनचं टोक हलकंच अडकवा. झोळी नीट ताणली गेली की टोक आपोआप सुटून पुढं जातं. घाई केली किंवा कुऱ्हाड मारली तर सहसा अडकूनच राहतं. पाणी बऱ्याच चुका पोटात घालतं, पॅड घालत नाही.

कोणी विचारतं, हे शिकून महाराष्ट्रात करायचं काय? तर ज्या खुदरी महाशीरचं शास्त्रीय वर्णन साइक्सनं १८३९ मध्ये केलं, तो मासा त्याला पुण्याच्या मुळा-मुठेत मिळाला होता. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात पन्नासेक वर्षांपासून महाशीरचं बीज तयार होत आलं आहे. फ्लायला येणारा मासा आपल्याकडं आहे. मराठीत शिकवणारी माणसं कमी आहेत. परीक्षेची तयारी इंग्रजीत करताना मला जे वाक्य पाठ करावं लागत होतं, ते झोळी आणि खुंटा म्हटल्यावर पाठ करावं लागलं नाही.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी रविवारी सकाळी मैदानावर या. काठी माझ्याकडं आहे. पॅड आणि डोळ्यांना चष्मा तुमचा, साधा उन्हाचा चालेल. लोकरीचाच तुकडा असला तरी चष्म्याशिवाय कोणाला काठी देत नाही. बघायला येणाऱ्या पोरांनाही तोच नियम.