शेकडा पाच
(मानोरा इथं कॉलेजच्या विद्यार्थ्यांपुढं केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. कॉलेजातल्या पोरापोरींना मी गणितावर काय सांगणार? तरी ऐका.

बापानं सावकाराकडून हजार रुपये घेतले. दरमहा शेकडा पाच. बाप म्हणाला, पाचच तर! सरळव्याजानं वर्षाचे 600 होतात. व्याजावर व्याज चढलं की वर्षाअखेर हजाराचे 1796. मी सातवीत होतो, मला हे काढता आलं नाही. चोपडीवर अंगठा उठला.

तुमच्यातले कैक बी.कॉम.ला, बी.एस्सी.ला. हाच हिशेब फळ्यावर टाकला तर किती हात वर येतील? मान खाली घालू नका. चौथीत अपूर्णांक सुटला, तिथं पायरी मोडली. मास्तर पुढं गेले. मग कुणीतरी म्हणालं, गणित यांच्या रक्तातच नाही. साफ खोटं!

बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले. 750 पैकी 282 गुण. शेकडा किती? काढा इथंच. 37.6. आजच्या मार्कांच्या बाजारात त्यांना दारातही उभं केलं नसतं. पण केळुसकर गुरुजींनी पोरगा ओळखला. स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र हातात दिलं, पुढं सयाजीराव गायकवाडांकडं शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. त्याच पोरानं 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ काढला, तोही लंडनमध्ये.

आपल्याला असा शेजारी बसणारा माणूस पाहिजे. तो बाहेरून येणार नाही. तिसऱ्या वर्षाच्या पोरानं, पोरीनं पहिल्या वर्षाच्या दोघांना घेऊन बसावं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, विहारात नाहीतर समाजमंदिरात. उत्तर सांगायचं नाही. त्याला मोठ्यानं बोलत गणित करू द्यायचं, चुकेल तिथं थांबवून विचारायचं, हे असं का केलंस? चौथीच्या अपूर्णांकापर्यंत उतरावं लागलं तर उतरायचं. हसायचं नाही. शिकवणाराही शिकतो, समजावून सांगताना स्वतःचं कच्चं कळतं.

गोदीत नवा गडी आला की पाठ कशी वाकवायची ते जुना गडी दाखवतो. नाही दाखवलं तर पेटी दोघांच्याही पायावर पडते.

सावकाराची चोपडी अजून उघडी आहे. पुढच्या खेपेला अंगठ्याच्या आधी तुमचा आकडा पडू द्या.

जय भीम.