दोन पारपत्रांचे घर

(पुणे येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'परदेश की स्वदेश?' हा विषय दिला आहे. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी याच विषयावर बोललो होतो. अर्थातच स्वदेशाच्या बाजूने, आणि पहिले पारितोषिक घेऊन घरी आलो होतो. पुढे आयुष्याची आठ वर्षे मी अमेरिकेत काढली. त्यामुळे त्या पारितोषिकाची आठवण झाली की आजही थोडे ओशाळल्यासारखे होते. आज मी कोणत्याही बाजूचा वकील म्हणून उभा नाही. माझ्या घरचा जमाखर्च तेवढा आपल्यापुढे ठेवतो. त्यात खोडाखोड पुष्कळ आहे.

१९९६ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मी न्यूजर्सीला गेलो. आपल्याकडे समजूत अशी की, अमेरिकेचे दार हुशार माणसाला सदैव उघडे असते. इतिहास तसे सांगत नाही. १९४६ च्या कायद्याने वर्षाकाठी अवघ्या शंभर भारतीयांना तेथे स्थायिक होण्याची मुभा मिळाली. १९६५ मध्ये तो कोटा गेला, आपले डॉक्टर आणि अभियंते जाऊ लागले. १९९० च्या कायद्यातून आजचा एच-वन-बी व्हिसा आला आणि संगणकाच्या २००० सालच्या अडचणीची धास्ती त्या देशाने घेतली तेव्हा आमच्यासारख्यांची रांग लागली. दार त्यांच्या गरजेप्रमाणे उघडले, गरजेप्रमाणे लोटले गेले. यात त्यांची चूक नाही. प्रत्येक राष्ट्राने आपले हित पाहावेच. चूक आमची, की आम्ही त्या गरजेला आपले कर्तृत्व समजलो.

तेथे जे चांगले पाहिले ते सांगितले नाही तर ती कृतघ्नता होईल. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये, रांगेतील शिस्त, सरकारी खिडकीवर मिळणारे सरळ उत्तर, कोणत्याही कामाला हलके न मानण्याची वृत्ती. स्वच्छतेचे आणि श्रमप्रतिष्ठेचे धडे आपण बौद्धिकांत ऐकतो, ते मी तेथे रोजच्या व्यवहारात पाहिले. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका कार्यालयात साध्या दाखल्यासाठी चार खेटे घालावे लागले, तेव्हा पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही.

पण तिच्याही खात्यात एक मोठा खर्च आहे. ती एम.एस्सी. होती, पुण्यात महाविद्यालयात शिकवत होती. माझ्या व्हिसावर आलेल्या पत्नीला त्या काळी नोकरीची परवानगी नव्हती. ती परवानगी २०१५ साली आली, तीही ग्रीनकार्डच्या प्रक्रियेत पुढे गेलेल्यांच्या जोडीदारांपुरती. सात वर्षे ही विदुषी एका सदनिकेत धुण्याच्या यंत्राची पाळी सांभाळत बसली. परदेशी मिळणाऱ्या वेतनाचे गणित मांडताना हा आकडा कोणी लिहीत नाही.

तेथील मराठी माणूस आपली भाषा विसरला, असे येथे बसून म्हणू नये. १९८१ साली स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ, त्याची दर दोन वर्षांनी भरणारी अधिवेशने, शनिवार-रविवारी चालणाऱ्या मराठी शाळा हे सारे नोकरी सांभाळून केलेले काम आहे. आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी कोणीतरी सावरकरांची १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेली ती कविता गाई. सभागृह गहिवरून जाई. एका वर्षी ते गाणे चालू असताना माझ्या मनात आले की, त्यांना परतणे म्हणजे अटक होती. त्यांच्यासाठी वाट बंद होती म्हणून ती तळमळ. आम्हांला तर विमानाचे तिकीट तेवढे काढायचे होते. मग आम्ही नेमके कशासाठी रडत होतो? कार्यक्रमानंतर मसालेभात खाऊन सगळे आपापल्या मोटारीत बसून गेले, मीही गेलो.

२००४ च्या फेब्रुवारीत वडिलांना पक्षाघात झाला. मी एकुलता एक. ग्रीनकार्ड हाती येऊन वर्षही झाले नव्हते. जूनमध्ये आम्ही बिऱ्हाड आवरले. वडील त्यानंतर चौदा महिने जगले. शेवटचे अंघोळ-पाणी माझ्या हातून झाले, एवढे समाधान आहे. लोक याला त्याग म्हणतात, सत्कारात नारळ देतात. मला तो शब्द पेलत नाही, कारण तोवर हिंजवडीत चांगल्या नोकऱ्या उभ्या राहिल्या होत्या. हेच पंधरा वर्षांपूर्वी घडते तर मी परत आलो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. उत्तर येथे सांगण्याचे धैर्य नाही.

कामासाठी परतणे ही वेगळीच गोष्ट. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी घेऊन कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभाग सांभाळण्यासाठी निघाल्या. पण क्षयाने गाठले आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांनी देह ठेवला. केंब्रिजमध्ये नावलौकिक मिळवलेले जयंत नारळीकर १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन गडचिरोलीला गेले. खेड्यातील स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांची घरच्या घरी काळजी घेतल्यास मृत्यू किती रोखता येतात, हे त्यांनी ३९ गावांत दाखवले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. या चौघांनाही परदेशी विद्या लागली, हे विसरू नका. मुलाला शिकायला पाठवू नका असे मी म्हणत नाही. मात्र तो शिकायला चालला आहे की रांगेत उभा राहायला, हे घरात बसून एकदा स्पष्ट बोला.

रांग म्हणजे काय, तेही ऐका. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीनकार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशाला त्यातील सात टक्क्यांहून अधिक सहसा नाहीत. म्हणजे ९,८००. त्यात बायका-मुलेही धरलेली. २०२५ मध्ये आपल्या पदव्युत्तर अभियंत्यांपैकी २०१३ साली अर्ज केलेल्यांची पाळी चालू होती. बापाची पाळी येण्याआधी मूल एकवीस वर्षांचे झाले की ते रांगेतून बाहेर पडते. याच २०२५ च्या सप्टेंबरात बाहेरून नव्याने येणाऱ्या एच-वन-बी कर्मचाऱ्यामागे एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, आणि सुट्टीवर आलेली मुले घाबरून रातोरात विमानतळ गाठत होती. आणखी एक. तेथील सोशल सिक्युरिटीत कर्मचाऱ्याच्या पगारातून ६.२ टक्के कापले जातात, मालक तेवढेच घालतो. निवृत्तिवेतनाला साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. माझी आठ झाली होती. जर्मनी, बेल्जियमसारख्या देशांशी भारताचा याबाबत करार आहे, अमेरिकेशी तो झालेला नाही. माझे ते पैसे तेथील म्हाताऱ्यांच्या उपयोगी पडले असतील, त्यांचे कल्याण असो!

आता मूळ मुद्दा. मुलीचा जन्म १९९९ चा, तिकडचा. मुलगा २००६ चा, इकडचा. एका घरात दोन पारपत्रे. मुलगी येथेच वाढली, रामरक्षा शिकली, पण आपल्या राज्यघटनेला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. २००५ च्या दुरुस्तीने आलेले ओसीआय कार्ड तिच्याकडे आहे. त्यावर मतदान करता येत नाही. दापोलीजवळची आमची आंब्याची जमीन तिला वारसाने मिळेल, विकत घेता येणार नाही. २०२१ मध्ये ती शिकायला गेली आणि नोकरीला लागली. तिला व्हिसा लागला नाही. ती आपल्याच देशात गेली, असे कायदा म्हणतो.

गेल्या दिवाळीत ती आली होती. लक्ष्मीपूजनानंतर म्हणाली, "बाबा, मी तुमच्या दोघांचा अर्ज भरू शकते. आई-वडिलांना रांग नसते." भावाला मात्र असते. धाकटा जन्मला त्या २००६ साली भावंडांसाठी भरलेले अर्ज २०२५ मध्ये मार्गी लागत होते. मी म्हणालो, आजी आहे ना. माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे, आतल्या खोलीत जागी होती. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "आजीनंतर तरी याल ना?"

मी तिला कायदे सांगितले. ग्रीनकार्ड टिकवायचे तर तेथेच राहावे लागते. म्हातारपणीची मेडिकेअर नव्या माणसाला पाच वर्षांच्या वास्तव्यानंतरच मिळते. सगळे खरे होते. पण ती कायदे विचारत नव्हती. वडिलांसाठी मी जे केले तेच ती माझ्यासाठी करू पाहत होती, फक्त दिशा उलटी होती. पत्नी काही बोलली नाही. रात्री मात्र म्हणाली, "तेव्हा तुमच्या आई-वडिलांसाठी आलो. आता लेकीकडे जावेसे मला वाटले, तर त्यात देशाचे काय बिघडते?" मी अद्याप उत्तर दिलेले नाही. येथे व्याख्यान द्यायला मात्र आलो.

ज्यांनी उत्तर दिले आहे आणि येथेच राहिले आहेत, त्यांच्याविषयी दोन शब्द बोलून थांबतो. आमच्या इमारतीत अकरा घरांत फक्त म्हातारी माणसे आहेत. मुले परदेशी, पैसा वेळेवर येतो. गेल्या पावसाळ्यात त्यांतील एक काका स्नानगृहात पडले. दूधवाल्याने आवाज दिला म्हणून समजले. मुलाला बोल लावायला सगळे पुढे होते, रुग्णालयात रात्री बसायला दोघेच. तेव्हा काही तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा घरी जाऊन यायचे ठरवले आहे. औषधे आणणे, बँकेचे काम, नातवाशी संगणकावर बोलणे जुळवून देणे, नाहीतर नुसते बसणे. सध्या सात जण आहेत, वीस हवेत. मागच्या मेजावर वही ठेवली आहे. नाव, पत्ता आणि कोणते दोन वार जमतील ते लिहावे. ज्यांच्या घरी कोणी यावे असे वाटते, त्यांच्यासाठी वहीत शेवटून पाने ठेवली आहेत. तेथे लिहिताना संकोच करू नये. माझ्या आईने तिचे नाव तेथे पहिले लिहायला सांगितले आहे. तिला माझ्यापेक्षा वेगळे कोणीतरी बोलायला हवे आहे म्हणे.