योहानाचा ‘फोस’ आणि लक्ष्मीबाई



नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत प्रकाशासाठी वारंवार येणारा शब्द म्हणजे ‘फोस’. आणि आपल्या प्रभा, आभा, भास्कर या शब्दांत नांदणाऱ्या ‘भा’ धातूचा तो दूरदेशी वाढलेला सगोत्र आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मात्र शुभवर्तमानकार योहानाने या शब्दावर जो भार ठेवला आहे, त्याचा पत्ता कोशाच्या दफ्तरात लागत नाही.

बाप्तिस्मा करणारा योहान कितीही थोर असला, तरी शुभवर्तमानकार त्याला ‘फोस’ म्हणू देत नाही; त्याच्यासाठी ‘लुख्नोस’, म्हणजे तेलावर जळणारा दिवा, हा शब्द येतो. दिवा कोणीतरी लावावा लागतो, आणि लोक त्याच्या उजेडात घटकाभर रमतात. ‘फोस’ ही संज्ञा मात्र प्रत्यक्ष ख्रिस्ताकडे जाते. त्याच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात असे सांगितले आहे की, ज्याची कृत्ये वाईट, तो ती उघडकीस येतील या भयाने प्रकाशाला टाळतो, आणि सत्याने वागणारा आपण होऊन त्यात येऊन उभा राहतो. असा हा प्रकाश माणसाची झडती घेतो! पुढे योहानाच्या पहिल्या पत्रात तर त्याची कसोटी अगदी घरातली होते: भावाचा द्वेष करीत असताना आपण प्रकाशात आहोत असे म्हणणारा मनुष्य अद्याप अंधारातच आहे.

हे वाचताना मला दरवेळी आपल्या नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. गोदाकाठच्या जलालपुरात 1868 साली जन्मलेल्या आणि कडक सोवळ्यात वाढलेल्या या बाईंवर, 1895 मध्ये पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला तेव्हा, जणू आकाश कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, तरी त्यांची चूल आणि पाणी वेगळेच राहिले. पुढे जातिभेद हा ईश्वराने केला की माणसाने, या प्रश्नाचा निकाल त्यांनी स्वतःच्या मनाशी लावला, आणि ज्यांचा स्पर्शही निषिद्ध मानला होता त्यांच्या हातचे पाणी घेण्याची सिद्धता केली. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, 1900 मध्ये.

हा क्रम मला अत्यंत मोलाचा वाटतो. ग्रीक भाषेशी लक्ष्मीबाईंचा परिचय नव्हता, शाळेचेही त्यांनी तोंड पाहिले नव्हते. तथापि माणसामाणसांतील भिंत पाडणे हाच प्रकाशात येण्याचा मार्ग, हे योहानाच्या पत्राचे मर्म त्यांच्या आचरणात दीक्षेपूर्वीच उतरले होते. 1936 मध्ये नाशिकलाच त्यांचा देह पडला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र आपल्या पुष्कळांच्या घरी असेल. त्यातील हा भाग योहानाच्या पहिल्या पत्राशेजारी ठेवून सावकाश वाचावा, अशी माझी आपणा सर्वांना आग्रहाची विनंती आहे.